द्रवस्फटिकांचे उपासक : प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. अशा वेळी आपण साहजिकच मराठी नावांचा शोध घेतो. आणि शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळुराशी आपला ऋणानुबंध जडलेला असल्यामुळे अशा नावांची येथे वाणही नाही. या वेळी मात्र आम्ही निवड केली आहे ती एका तमिळभाषक शास्त्रज्ञाची. हेब्बाळहून बल्लारी रस्त्याने शहराकडे निघाले की मेखरी सर्कलजवळ गर्द झाडीत वसलेली रामन संशोधन संस्था लागते. आपली कुटुंबे वर्षानुवर्षे या रस्त्याने ये-जा करीत आली आहेत. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव घराघरांतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्याच आवारात १९७७ साली पदार्थाच्या ज्ञात अवस्थांमध्ये एका सर्वस्वी नव्या अवस्थेची भर पडली, आणि ती घालणारा शास्त्रज्ञ नागपूर विद्यापीठाचा स्नातक होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे त्यांचे नाव.

चंद्रशेखरांचा जन्म ६ ऑगस्ट १९३० रोजी कलकत्त्यास झाला. त्यांच्या मातोश्री सीतालक्ष्मी या सर सी. व्ही. रामन यांच्या भगिनी. भाचा जन्मास आला त्याच वर्षाच्या अखेरीस मामांना नोबेल पारितोषिक मिळाले. घराणेच विद्याव्यासंगी होते. ज्येष्ठ बंधू शिवराज रामशेषन हे पुढे स्फटिकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. धाकटे बंधू पंचरत्नम यांनी प्रकाशाच्या ध्रुवणासंबंधी १९५६ साली केलेले कार्य आज जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. दुर्दैवाने १९६९ मध्ये, ऐन उमेदीच्या वयात, त्यांचे निधन झाले. नामसाधर्म्यामुळे होणारा एक घोटाळा येथेच दूर केलेला बरा. ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करून १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हे निराळे. ते रामन यांच्या ज्येष्ठ बंधूंचे चिरंजीव, म्हणजे आपल्या चरित्रनायकाचे मामेबंधू. आजोबांचे नाव नातवास देण्याच्या दाक्षिणात्य प्रथेमुळे एकाच आजोबांच्या दोन नातवांनी एकच नाव विज्ञानाच्या इतिहासात दोनदा कोरले.

चंद्रशेखरांचे विद्यापीठीय शिक्षण नागपुरास झाले. त्या काळी नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ मराठी व हिंदी या दोन्ही भाषांच्या प्रदेशांतील विद्यार्थ्यांचे माहेरघर होते. १९५१ साली पदार्थविज्ञान विषयात विद्यापीठात पहिल्या क्रमांकाने एम्. एस्‌सी. होऊन चंद्रशेखर बंगळुरास आले आणि मामांच्या हाताखाली संशोधन करू लागले. रामन संशोधन संस्थेस त्या वेळी जेमतेम तीन वर्षे झाली होती. सरकारी अनुदान स्वीकारणे रामन यांस रुचत नसे. संस्थेचा संसार काटकसरीचाच होता. मोजकी उपकरणे, पण ती उत्तम हाताळण्याचा आग्रह. थोडे बोलावे, पुष्कळ पाहावे, अशी तेथील शिस्त. काही स्फटिकांतून प्रकाश जाऊ लागला म्हणजे त्याच्या कंपनांची पातळी वळत जाते, आणि हे वळण प्रत्येक रंगाकरिता वेगळे असते. अशा अनेक स्फटिकांची सूक्ष्म मोजमापे चंद्रशेखरांनी घेतली. या कार्यासाठी नागपूर विद्यापीठाने १९५४ साली त्यांस डी. एस्‌सी. ही पदवी दिली. वय अवघे चोवीस!

त्यानंतर ‘१८५१ एक्झिबिशन’ ही मानाची शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत दाखल झाले. क्ष-किरण व न्यूट्रॉन स्फटिकांवर पडून विखुरतात, तेव्हा त्यांची तीव्रता प्रत्यक्षात अपेक्षेहून कमी भरते. ही तूट कशी भरून काढावी, हा तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. केंब्रिजची पीएच. डी. घेऊन काही काळ त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात व रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये संशोधन केले. तेथेच राहून उत्तम कारकीर्द करणे त्यांस अवघड नव्हते. परंतु १९६१ साली ते परतले, आणि परतले तेही एखाद्या प्रस्थापित प्रयोगशाळेत नव्हे. म्हैसूर विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा नवा विभाग निघत होता. त्याचे पहिले विभागप्रमुख म्हणून ते रुजू झाले. अभ्यासक्रम आखणे, उपकरणे जमविणे, विद्यार्थी घडविणे, सारे पहिल्यापासून. स्फटिकांच्या अभ्यासासाठी लागणारी महागडी सामग्री तेथे कोठून यावी? मग हाती असलेल्या साधनांत जगातील इतर फारसे कोणी करीत नाही असे काय करता येईल, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांची दृष्टी वळली ती द्रवस्फटिकांकडे, आणि मग आयुष्यभर तेथून हलली नाही.

द्रवस्फटिक म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. स्फटिकात रेणू ओळीने, शिस्तीत बसलेले असतात; द्रवात ते सैरावैरा फिरत असतात. स्फटिक तापविला की तो वितळतो, शिस्त एकदम मोडते, असेच सर्वांना वाटत असे. १८८८ साली प्राग येथील फ्रीड्रिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञास कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचे दोन वितळबिंदू आढळले. सुमारे १४५ अंशांना ते वितळून गढूळ द्रव झाले आणि सुमारे १७८ अंशांना तो गढूळ द्रव एकाएकी स्वच्छ झाला. मधली ती गढूळ अवस्था द्रवाप्रमाणे वाहत होती, परंतु प्रकाशावर तिचा परिणाम स्फटिकासारखा होत होता. जर्मनीच्या ओटो लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तिचा कसून अभ्यास केला आणि ‘द्रवस्फटिक’ हे नाव रूढ झाले.

अशी अवस्था येते कशी? म्हैसूरच्या उदबत्त्यांचा पुडा डोळ्यांसमोर आणावा. पुडा हलविला तर काड्या पुढे-मागे सरकतात, जागा बदलतात. तरीही साऱ्यांची दिशा एकच राहते. ज्या पदार्थाचे रेणू काडीसारखे लांबट व ताठ असतात, त्याचेही असेच होते. काड्यांची जागा सुटते, दिशा सुटत नाही. हाले येथील डॅनिएल फोरलेंडर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शेकडो संयुगे तयार करून हा नियम पक्का केला : द्रवस्फटिक हवा असेल तर रेणू काडीसारखा हवा. पुढे १९६८ साली अमेरिकेत द्रवस्फटिकांवर आकडे उमटविण्याची युक्ती जाहीर झाली, आणि मनगटी घड्याळे व गणनयंत्रे यांच्या द्वारे हा विद्वानांच्या कोनाड्यातला विषय बाजारात आला. चंद्रशेखरांनी त्यास हात घातला तो त्यापूर्वीच, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

म्हैसूरला त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रामुख्याने सैद्धांतिक व प्रकाशशास्त्रीय काम केले. मळसूत्राप्रमाणे पिळलेल्या रचनेच्या द्रवस्फटिकांवर प्रकाश पडला म्हणजे झळाळते रंग का दिसतात, काड्यांची दिशा एक राहण्यास रेणूंमधील कोणती बले कारणीभूत होतात, अशा प्रश्नांची गणिती उकल त्यांनी केली. या कार्याने त्यांचे नाव परदेशांतील जाणकारांत झाले. १९७२ साली त्यांस शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

नोव्हेंबर १९७० मध्ये सर सी. व्ही. रामन कालवश झाले. संस्थेपुढे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. एकट्या महापुरुषाच्या तेजावर चालणारी संस्था त्याच्यामागे टिकतेच असे नाही. संस्थेची नव्याने घडी बसविण्यात आली आणि १९७१ साली चंद्रशेखरांस तेथे द्रवस्फटिक प्रयोगशाळा उभारण्यास पाचारण करण्यात आले. वीस वर्षांपूर्वी ज्या दाराने ते विद्यार्थी म्हणून आत शिरले होते, त्याच दाराने आता ते प्रयोगशाळेचे जनक म्हणून शिरले.

या प्रयोगशाळेची मांडणी करताना त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने केली. पदार्थवैज्ञानिकांच्या शेजारीच त्यांनी रसायनशास्त्रज्ञांची शाखा उभी केली. द्रवस्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या अनेकांना इतरांनी तयार केलेल्या पदार्थांवर अवलंबून राहावे लागे. परदेशातून आलेली चिमूटभर भुकटी संपली की काम ठप्प. हवा तो रेणू आधी कागदावर आखावा, मग शेजारच्या दालनात तो घडवावा, आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली त्याची परीक्षा घ्यावी, अशी सोय येथे झाली. ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक, क्ष-किरणांचे उपकरण, उच्च दाबाखाली पदार्थ तापविण्याची यंत्रणा, अशी सामग्री हळूहळू उभी राहिली. सामान्य दाबाखाली द्रवस्फटिक न होणारे काही पदार्थ पुरेसा दाब दिल्यास द्रवस्फटिक होतात, हे येथेच दाखविण्यात आले. डिसेंबर १९७३ मध्ये बंगळुरास द्रवस्फटिकांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि प्रयोगशाळेची ओळख जगास झाली.

आता त्या नवलाकडे वळू. काडीसारखाच रेणू का हवा? रेणू नाण्यासारखा चपटा व गोल असला तर? प्रश्न अगदी साधा. बालवाडीतील मुलानेही विचारावा असा. फोरलेंडर यांच्याही मनात तो येऊन गेला होता. परंतु तसे पदार्थ द्रवस्फटिक होत नाहीत, असा निष्कर्ष निघाला आणि दार बंद झाले. जवळजवळ अर्धशतक ते तसेच राहिले. चंद्रशेखरांनी ते पुन्हा ठोठावले.

त्यांच्या डोळ्यांसमोर चित्र होते ते नाण्यांच्या चळतीचे. ताठ चकत्या एकावर एक रचल्या तर त्यांचा स्तंभ होईल. पण नुसत्या ताठ चकत्या इतक्या घट्ट बसतील की स्फटिकच होईल, आणि तापविल्यावर तो एकदम वितळेल. चळत व्हावी, तरीही ती थोडी सैल राहावी, यासाठी चकतीच्या कडेला काही लवचीक झालर हवी. म्हणून मध्ये बेंझीनचे षट्कोनी कडे, आणि त्याच्या सहाही कोपऱ्यांना मेदाम्लांच्या जातीच्या लांब कार्बनी साखळ्या, असा रेणू निवडण्यात आला. मधला गाभा ताठ, कडेच्या सहा साखळ्या मऊ. सहाही कोपरे भरले पाहिजेत. पाचच भरलेले रेणू त्यांत मिसळले असतील तर ते वेगळे काढले पाहिजेत. थोडीशी अशुद्धी राहिली तरी वितळबिंदू ढळतो व निष्कर्ष संशयास्पद ठरतो. शुद्धीकरणाचे हे काम चिकाटीचे. रसायनशास्त्रज्ञ बी. के. सदाशिव आणि पदार्थवैज्ञानिक के. ए. सुरेश हे या कार्यातील त्यांचे सहकारी.

साखळ्यांची लांबी बदलून असे अनेक पदार्थ तयार करण्यात आले. त्यांपैकी काहींनी ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान, थोड्याशाच टप्प्यात, ना स्फटिक ना द्रव अशी अवस्था दाखविली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली नक्षी ज्ञात द्रवस्फटिकांच्या नक्षीहून निराळी होती. क्ष-किरणांनी अंतर्रचना उघड केली : चकत्या खरोखरच एकावर एक बसून स्तंभ झाले होते, आणि ते स्तंभ मधाच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनी मांडणीत उभे होते. स्तंभातील चकत्यांमधील अंतर मात्र द्रवाप्रमाणे अनियमित होते. भाकऱ्यांची चवड जशी ओळीत असूनही थोडी इकडेतिकडे झालेली असते, तसेच काहीसे. शिस्त आणि सैलपणा यांचा असा मेळ पूर्वी कोणी पाहिला नव्हता.

हा शोध चंद्रशेखरांनी १९७७ साली ‘प्रमाण’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ‘प्रमाण’ हे बंगळुराहून निघणारे, अवघ्या चार वर्षांचे, भारतीय विज्ञानपत्र. महत्त्वाचा शोध म्हटला की विलायती मासिकाकडे धाव घेण्याची वहिवाट त्या काळी होती, आणि ती अद्यापही सुटलेली नाही. अनोळखी पत्रातील दहा पानांचा निबंध जगाच्या नजरेस न पडण्याचा धोका उघड होता. पण निबंधात दम होता. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील संशोधकांनी मोठ्या गाभ्याच्या चकत्या वापरून अशीच स्तंभरचना सिद्ध केली, आणि त्यानंतर जगभर या विषयाची लाट आली. बंगळुराच्या त्या निबंधाचा उल्लेख केल्यावाचून आजही या विषयाचा इतिहास लिहिता येत नाही.

चकतीसारख्या रेणूंचे पुढे झाले काय, हेही सांगावयास हवे. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. चकत्यांचा एक स्तंभ असतो अवघा काही नॅनोमीटर रुंद. इतकी बारीक रचना हातांनी किंवा यंत्राने कोरून काढणे दुरापास्त. येथे रेणूच आपल्या आकाराच्या गुणाने आपली घडी आपण घालून घेतात. रसायनशास्त्रज्ञाने आकार तेवढा विचारपूर्वक आखून द्यावयाचा. शिवाय, स्तंभाचा ताठ गाभा विद्युत्‌भार वाहून नेऊ शकतो आणि भोवतालच्या साखळ्या विजेस अडवतात. म्हणजे प्रत्येक स्तंभ ही जणू वेष्टण घातलेली सूक्ष्म तारच. १९९४ साली जर्मन संशोधकांनी अशा एका पदार्थात विद्युत्‌भार स्तंभांच्या दिशेने किती वेगाने धावतो ते मोजून दाखविले, आणि कार्बनी पदार्थांपासून विद्युत्साधने घडविण्याच्या प्रयत्नांस नवे बळ मिळाले. दुसरा उपयोग आपल्या घराघरांत येऊन गेला. संगणकाचे चपटे पडदे प्रथम आले तेव्हा बाजूने पाहिले की चित्र फिके किंवा उलटे दिसे. १९९० च्या दशकाच्या मध्यास जपानमधील फुजी कंपनीने चकतीसारख्या रेणूंचा पातळ थर देऊन, तो प्रकाशाच्या साहाय्याने बहुवारिकात, म्हणजे साखळीने गुंफलेल्या पक्क्या पापुद्र्यात, गोठविला. हा पापुद्रा पडद्यावर चढविल्याने बाजूनेही चित्र स्वच्छ दिसू लागले. निव्वळ जिज्ञासेपोटी विचारलेल्या प्रश्नाचे हे फळ पदरात पडण्यास सुमारे वीस वर्षे लागली.

ज्या १९७७ साली हा शोध लागला, त्याच साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने चंद्रशेखरांचा ‘लिक्विड क्रिस्टल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पसरलेला विषय थोड्या पानांत, नेमक्या भाषेत व पायरीपायरीने मांडणारा हा ग्रंथ अनेक पिढ्यांचा पाठ्यग्रंथ झाला. १९९२ साली त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली. १९८२ मध्ये द्रवस्फटिकांची नववी आंतरराष्ट्रीय परिषद बंगळुरास भरली. १९८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांस आपले सदस्यत्व दिले, आणि १९९४ साली त्याच सोसायटीचे रॉयल पदक त्यांस मिळाले. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय द्रवस्फटिक सोसायटी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९९८ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला.

सन्मानांची ही यादी आम्ही भरभर आटोपली आहे, कारण त्यांच्या वृत्तीची खरी ओळख पटते ती आणखी एका गोष्टीवरून. १९९० साली ते रामन संशोधन संस्थेतून निवृत्त झाले. वय साठ, कीर्ती दिगंत. स्वस्थ बसून आठवणी लिहावयाचे हे वय. त्यांनी पुनश्च हरिओम केला. हेब्बाळच्या पश्चिमेस जालहळ्ळी येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने देऊ केलेल्या इमारतीत त्यांनी १९९१ साली द्रवस्फटिक संशोधन केंद्र सुरू केले. रिकाम्या खोल्या, थोडे सहकारी, निधीची विवंचना. म्हैसूरला तिशीत जे केले तेच पुन्हा साठीत. पुढे या केंद्रास केंद्र सरकारचा आधार मिळाला. २०१४ साली त्याचे कार्यक्षेत्र विस्तारून ते अतिसूक्ष्म व मृदू पदार्थांच्या विज्ञानाचे केंद्र झाले. ज्या कार्बनी व बहुवारिक पदार्थांच्या सूक्ष्म रचनांविषयी आज एवढा गाजावाजा होतो, त्यांचे बीज या भागात असे रुजले.

८ मार्च २००४ रोजी चंद्रशेखरांचे निधन झाले. त्यास आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला. त्यांचे विद्यार्थी व विद्यार्थ्यांचे विद्यार्थी अनेक प्रयोगशाळांतून हे कार्य चालवीत आहेत.

हे चरित्र आम्ही आपल्या स्मरणिकेत का दिले? जन्म कलकत्त्याचा, घरची भाषा तमिळ, शिक्षण नागपूरचे, कर्मभूमी कन्नड मुलखातली. अशा माणसास कोणत्या गावाने आपला म्हणावे? आपल्या मुलांनाही हा प्रश्न अधूनमधून पडतो. घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी. आपण नेमके कोठले, असे ती विचारतात. चंद्रशेखरांच्या आयुष्यात या प्रश्नाचे जे उत्तर दिसते ते आम्हांस मोलाचे वाटते. जेथे गेले तेथे त्यांनी काहीतरी उभे केले, आणि ज्या गावी ते उभे केले तेच त्यांचे गाव झाले. नागपूरने त्यांस घडविले याचा आपणांस अभिमान वाटावा, आणि बंगळुराने त्यांस ठेवून घेतले याबद्दल या भूमीविषयी कृतज्ञताही वाटावी.

पालकांना आमची एक विनंती आहे. विद्यार्थ्यांसाठी खुल्या असलेल्या दिवशी मुलांना घेऊन रामन संशोधन संस्थेत अवश्य जावे. तेथील झाडांखाली उभे राहून त्यांना सांगावे, की सर्वांनी बंद मानलेले एक दार येथे एका साध्या प्रश्नाने उघडले. नागपूरच्या या विद्यार्थ्यास, बंगळूरच्या या नागरिकास, मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमचे सादर अभिवादन.